खंडनात तर्कदोषाचं नाव घेतलं की गुण द्यायचे का?

तिसरी_घंटा
आमच्या महाविद्यालयाच्या आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेची गुणपत्रिका नव्याने करायला घेतली आहे. मांडणीला 6 मिनिटं, खंडनाला 2 मिनिटं. खंडनाच्या 25 गुणांपैकी 10 गुण आजवर 'तर्कदोष ओळखणे' या रकान्याला होते. त्याचा परिणाम असा की मुलं उठतात, "प्रतिपक्षाने स्ट्रॉ मॅन केला, मग अ‍ॅड होमिनेम केला, शेवटी स्लिपरी स्लोप केला" एवढं म्हणतात आणि बसतात. (म्हणजे न म्हटलेलं तोंडी घातलं, मुद्दा सोडून माणसावर बोलले, 'एकदा सुरू झालं की थेट टोकाला जाणार' म्हणाले.) कुठल्या वाक्यात, कसा, त्याने काय बिघडलं, यातलं काहीच येत नाही. परीक्षकही नावं मोजून गुण देतात.

हा रकाना काढून टाकावा असं माझं ठाम मत आहे. प्रश्न दोन: काढला तर त्या जागी काय ठेवायचं? आणि सरावाला कोल्हापुरातली उदाहरणं कुठली घ्यायची? पुस्तकातली काळ्या-पांढऱ्या हंसांची उदाहरणं मुलांच्या डोक्यावरून जातात.

उत्तरेश्वर_पेठ
रकाना काढू नका. नाव माहीत असलं की दोष दिसतो. डॉक्टरला रोगाची नावं ठाऊक असावी लागतात, तसंच हे. शिवाय 2 मिनिटांत 'अ‍ॅड होमिनेम' म्हणायला एक सेकंद लागतो, तेच समजावून सांगायला अर्धं मिनिट जातं.

धूमाग्नी
उत्तरेश्वर, नाव असावं हे मान्य. पण ज्या परंपरेत दोषांची नावं सगळ्यात बारकाईने पाडली, तिथेही नुसतं नाव घेऊन सुटका नव्हती. गौतमाच्या न्यायसूत्रांत (भारतीय तर्कशास्त्राचा मूळ ग्रंथ) 22 निग्रहस्थानं आहेत, म्हणजे वादात हरल्याचं ठरवण्याच्या जागा. हेत्वाभास (वरवर कारण वाटणारं खोटं कारण) ही त्यातलीच एक, आणि तिचे पुन्हा 5 प्रकार. प्रत्येक प्रकाराचा आरोप करणाऱ्यावर वेगळी जबाबदारी येते.

सगळ्यात सोपा सव्यभिचार घ्या, म्हणजे हेतू (दिलेलं कारण) असूनही साध्य (सिद्ध करायची गोष्ट) नसणं. 'डोंगरावर आग आहे, कारण डोंगर ही जाणता येण्याजोगी वस्तू आहे' असं कोणी म्हणालं, तर 'हेतू सव्यभिचारी' एवढ्यावर भागत नाही. हेतू आहे पण साध्य नाही अशी एक जागा काढून दाखवावी लागते. रंकाळाही जाणता येतो, त्यात आग नाही. झालं, हेतू पडला. ती जागा दाखवता आली नाही, तर आरोप करणाराच अडचणीत.

तिसरी_घंटा, तुमच्या रकान्याचं उत्तर यात आहे. 'दोष ओळखणे' काढून 'प्रतिउदाहरण देणे' ठेवा.

यापुढचं एक अवजार म्हणजे उपाधी. धुरावरून आग ठरवता येते, पण आगीवरून धूर ठरवता येत नाही. 'डोंगरावर धूर आहे, कारण तिथे आग आहे' हे अनुमान फसतं, कारण धूर येतो तो ओल्या लाकडाशी आगीचा संयोग झाल्यावर. ते ओलं जळण म्हणजे उपाधी: निष्कर्ष खरा ठरवणारी खरी गोष्ट हीच, आणि बोलणाऱ्याने तिचा उल्लेखच केलेला नसतो. आज संख्याशास्त्रवाले 'लपलेला तिसरा घटक' म्हणून जे शोधतात, ते जवळपास हेच.

गुळव्या
धूमाग्नी, हे लई झकास सांगितलंत. आमच्या गुऱ्हाळात रोज बघा की. चुलवणात वाळकं चिपाड टाकलं की जाळ कडक, धूर नावाला. ओलं चिपाड गेलं की धुराचा लोट, आणि काहिलीला (रस उकळायच्या मोठ्या कढईला) ताव मिळत नाही.

तिसरी_घंटा, उदाहरण पाहिजे तर गुळाचंच घ्या. शाहूपुरीत गूळ घ्यायला आलेला प्रत्येकजण म्हणतो: "पिवळा गूळ म्हणजे हायड्रोस. काळा गूळ म्हणजे शुद्ध." दोन्ही वाक्यं तर्काला धरून नाहीत, आणि दोघांचा दोष वेगवेगळा आहे.

खरं एवढंच आहे: हायड्रोस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, घातलं की गूळ पिवळाधमक होतो. यावरून 'पिवळा आहे, म्हणजे हायड्रोस असणार' हे निघत नाही. पिवळेपणाला दुसरी कारणं आहेत. उसाची जात, जमीन, पक्व झालेला ताजा ऊस, आणि मुख्य म्हणजे मळी वेळेवर काढणं. रस तापायला लागला की भेंडीच्या खोडाचं चिकट पाणी घालतात, मळी वर येते, ती उकळी फुटायच्या आत झाऱ्याने काढायची. ती नीट काढली तर औषध न घालताही रवा (गुळाची ढेप) सोनेरी निघतो.

'काळा आहे, म्हणजे हायड्रोस नाही' हेही निघत नाही. खारपड जमिनीतला ऊस, तोडून तीन-चार दिवस पडलेला ऊस, मळी राहिलेला रस, नाहीतर पाक जास्त चढलेला, यातलं काहीही असलं तर गूळ काळपट येतो. साधारण 118 अंशाला काहील उतरायची असते. त्यापुढे गेली की रंग जळायला लागतो. आणि हायड्रोसने आणलेला पिवळेपणा टिकत नाही, साठवणीत रंग परत गडद होत जातो. म्हणजे काळा दिसणारा जुना रवाही एकेकाळी हायड्रोसचा असू शकतो.

मुलांना फळ्यावर चार रकाने करायला लावा: पिवळा-हायड्रोस, पिवळा-बिनहायड्रोस, काळा-हायड्रोस, काळा-बिनहायड्रोस. गिऱ्हाईक पहिला आणि चौथा एवढेच रकाने बघतं. वाद जिंकायचा तर दुसऱ्या आणि तिसऱ्यात काय पडतं ते दाखवायचं. आणि निकाल पाहिजेच असेल तर प्रयोगशाळेत सल्फर डायऑक्साइड मोजायचा. गुळात त्याची मर्यादा 70 पीपीएम आहे. नुसता रंग बघून कळत नाही.

भवानी_मंडप
चार रकान्यांची युक्ती उचलली. "अमक्या देवळाला नवस केला आणि काम झालं" याला पण लावून बघा. नवस-काम झालं एवढा एकच रकाना लोकांच्या लक्षात राहतो. 🙂

लाल_आखाडा
तालमीतलं एक द्या. "जुने मल्ल हजार जोर, दोन हजार बैठका मारायचे, बदामाची थंडाई प्यायचे, म्हणून नावाजले." ज्यांची नावं आपल्याला माहीत आहेत त्यांचंच हे. तेवढेच जोर मारून गुडघे-खांदे गेलेले आणि गावी परतलेले किती, ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. खासबागेत 1912 पासून कुस्त्या होतात, पण पुढे आठवणीत राहतो तो जिंकलेलाच. दुसऱ्या महायुद्धात अब्राहम वाल्डने हेच सांगितलं होतं. परत आलेल्या विमानांवर गोळ्यांची भोकं जिथे दिसत नाहीत तिथे चिलखत जाड करा, कारण तिथे गोळी लागलेली विमानं परत आलीच नाहीत.

जोर-बैठका वाईट असं मी म्हणत नाही. फक्त हा पुरावा अपुरा आहे.

नदीकाठचा
मग सगळ्यात मोठं कोल्हापुरी उदाहरण का टाळताय? कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणात पाणी साठवायला लागल्यापासून 2005, 2019, 2021 असे तीन महापूर आले. हे सरळ आहे.

पूररेषा
नदीकाठचा, तुमची चिंता रास्त आहे. पण या वाक्यात 'आधी हे, मग ते, म्हणून ह्यामुळे ते' एवढंच आहे. आणि धूमाग्नींची उपाधी इथे चपखल बसते. सह्याद्रीवर जुलै-ऑगस्टमध्ये पाच-सहा दिवस धुवाधार पडलं, की त्याच पावसाने कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती फुगतात, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडतात, पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांची इशारा पातळी आणि 43 फुटांची धोका पातळी ओलांडते. कोयना-वारणेतूनही विसर्ग सुटतो आणि कृष्णेतून खाली जाऊन तोच पाऊस अलमट्टी भरतो. धरण भरलेलं आणि शहर पाण्यात हे एकत्र दिसतं, कारण दोघांमागे एकच पाऊस आहे. 2019 आणि 2021 ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं, ते आधी या पावसाने.

वेगळं काढायचं तर काय लागेल? पाऊस तेवढाच पण अलमट्टीची पातळी खाली, अशी वर्षं. किंवा नदीचे छेद घेऊन फुगवट्याची (धरणामुळे मागे चढणाऱ्या पाण्याची) रेषा कुठपर्यंत येते त्याचं गणित. 2019 नंतर नेमलेल्या वडनेरे समितीने या प्रश्नात अलमट्टीला दोषी धरलं नाही.

नदीकाठचा
"समितीने सांगितलं म्हणून खरं" हा दोष नाही का? आणि दुसरं: माझं कारण कच्चं ठरलं म्हणून अलमट्टी निर्दोष कशी ठरली? तिची पूर्ण साठा पातळी 519.60 मीटर आहे, ती 524.256 पर्यंत न्यायचं चाललंय. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा चढलेली असेल तर पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, हे शिरोळ तालुक्यातल्या कुणालाही विचारा. कृष्णेचं पाणी खाली लवकर उतरलं नाही तर हा तुंबारा लांबतो. आमचा पुराच्या उंचीइतकाच पुराच्या दिवसांबद्दल आक्षेप आहे.

धूमाग्नी
हा या धाग्यातला सर्वात चांगला प्रतिसाद. नदीकाठचा म्हणतात तो फरक न्यायशास्त्रात नेमका सांभाळला आहे. हेतू 'असिद्ध' असणं म्हणजे तुमचा पुरावा उभा राहिला नाही. साध्य 'बाधित' असणं म्हणजे दुसऱ्या प्रमाणाने (ज्ञानाच्या खात्रीच्या साधनाने) त्याच्या उलट सिद्ध झालं आहे. 'आधी हे, मग ते' हा तर्क मोडून पूररेषांनी पहिलं दाखवलं. दुसरं दाखवायला फुगवट्याचं गणितच लागेल.

स्पर्धेत हीच चूक सर्रास होते. प्रतिपक्षाचा तर्क मोडला की मुलं म्हणतात "म्हणून प्रतिपक्षाचं म्हणणं खोटं". तेवढं निघत नाही. "म्हणून हे म्हणणं अजून सिद्ध झालेलं नाही" इथेच थांबायला शिकवा.

समितीबद्दल: आप्तवाक्य (विश्वासू जाणकाराचा शब्द) हे प्रमाण आहे, दोष नाही. अट एवढीच की सांगणारा त्या विषयातला हवा आणि त्याची पद्धत तपासता यायला हवी. अहवालाची आकडेमोड उघडी असेल तर त्यावर बोट ठेवा. "समिती सरकारी आहे" एवढ्याने तो पडत नाही.

पूररेषा
मान्य. कालावधीचा मुद्दा वेगळा आहे आणि तो मी मोडलेला नाही. त्यासाठी शिखर आल्यापासून पाणी 43 फुटांखाली उतरायला लागलेले तास आणि त्या वेळचा अलमट्टीचा विसर्ग शेजारी ठेवून बघावं लागेल. महामार्गाचे भराव आणि निळ्या रेषेतली (आखलेल्या पूररेषेच्या आतली) बांधकामंही त्याच तक्त्यात घ्यायला हवीत.

वकीलगल्ली
दोन दोषांची इथे बदनामी झाली आहे, त्यांची बाजू मांडतो.

पहिला, व्यक्तीवर बोलणं. कोर्टात साक्षीदाराच्या विश्वासार्हतेवर हल्ला करायला कायद्याचीच परवानगी आहे. जुन्या पुरावा कायद्यात त्यासाठी कलम 155 होतं. कारण साक्ष ही त्या माणसाच्या शब्दावर उभी असते. "मी स्वतः पाहिलं" असं म्हणणाऱ्याची नजर, जागा, हितसंबंध विचारणं योग्यच. पण तोच माणूस आकडे आणि कागद पुढे ठेवत असेल, तर त्याचा स्वभाव काढणं गैरलागू. मुलांना एकच प्रश्न शिकवा: हे म्हणणं बोलणाऱ्याच्या शब्दावर उभं आहे का? असेल तर व्यक्तीवर बोला. नसेल तर कागदावर बोला.

दुसरा, घसरण. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं खंडपीठ द्यायच्या विरोधात वर्षानुवर्षं एक युक्तिवाद व्हायचा: "कोल्हापूरला दिलं की पुणं मागेल, मग नाशिक, मग प्रत्येक जिल्हा." 18 ऑगस्ट 2025 पासून इथे सर्किट बेंचचं काम सुरू झालं. हा युक्तिवाद 'स्लिपरी स्लोप' म्हणून झटकायचा नाही. प्रत्येक पायरी तपासायची. पुणं मागेल, शक्यता मोठी. पण मागितलं म्हणजे मिळेल का? तिथे उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींचा निर्णय आणि राज्यपालांची मान्यता असे अडसर आहेत. समजा चार पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरी घडायची शक्यता 70 टक्के धरली, तरी चारही घडायची शक्यता 24 टक्क्यांवर येते. प्रत्येक पायरी पटते म्हणून शेवटही पटतो, फसगत तिथे होते. अडसर कुठल्या पायरीवर आहे ते दाखवलं की खंडन पूर्ण.

काटा_चोख
ऊसदराचा वाद राहूनच गेला की राव. एकाच शब्दाचे तीन अर्थ घेऊन तिघं भांडतात, आणि तिघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात.

2025-26 च्या हंगामाची एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) 10.25 टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलला 355 रुपये, म्हणजे टनाला 3,550. त्यापुढे उताऱ्याच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला क्विंटलमागे 3.46 रुपये जादा. आता उतारा 12.25 धरा. 2 टक्के जास्त, म्हणजे 20 टप्पे, 69.20 रुपये. एकूण 424.20, टनाला 4,242. यातून तोडणी-वाहतूक वजा होते. ती समजा 850 धरली तर शेतकऱ्याच्या खात्यात 3,392.

आता सभेत एक म्हणतो "एफआरपी 3,550", दुसरा "4,242", तिसरा "3,392". कारखान्याने 3,450 दिले तर "एफआरपीपेक्षा जास्त दिले" हे तिसऱ्या अर्थाने खरं, पहिल्या दोन अर्थांनी खोटं. शिवाय उतारा मागच्या हंगामाचा धरला की चालू, हा वेगळाच प्रश्न. इथे दोषाचं नाव घेऊन काही होत नाही. "एफआरपी म्हणजे तोडणी-वाहतूक धरून की वजा करून? उतारा कुठल्या हंगामाचा?" हे दोन प्रश्न विचारले की निम्मा वाद तिथेच मिटतो.

धूमाग्नी
काटा_चोख, हे वाक्छल. न्यायसूत्रांच्या परंपरेतलं उदाहरण 'नवकंबल'चं आहे: नवी घोंगडी असलेला माणूस, आणि समोरचा मुद्दाम 'नऊ घोंगड्या' असा अर्थ घेऊन म्हणतो, याच्याकडे तर एकच आहे. त्यावर उपायही तुम्ही म्हणता तोच, कुठला अर्थ घेतला ते आधी बोलून घ्यायचं.

उत्तरेश्वर_पेठ
सगळं पटतंय, पण माझा मूळ प्रश्न राहिलाच. काटा_चोख यांचं गणित सांगायलाच दीड मिनिट जाईल. खंडन 2 मिनिटांचं आहे. मुलगी एका मुद्द्यात अडकून बसेल, समोरच्याचे बाकीचे चार मुद्दे तसेच राहतील, आणि परीक्षक म्हणणार "उरलेल्यांना उत्तर दिलं नाही".

लाल_आखाडा
भावा, चार मुद्दे नुसते हुंगण्यापेक्षा एक चितपट केलेला बरा.

तिसरी_घंटा
उत्तरेश्वर यांची अडचण खरी आहे, म्हणून वेळ मोजून असा साचा करते. एका मुद्द्याला तीन वाक्यं.

"तुम्ही म्हणालात की..." आणि प्रतिपक्षाचं वाक्य त्यांच्याच शब्दांत. 10 सेकंद. इथेच स्ट्रॉ मॅनचा बंदोबस्त होतो. समोरच्याने "मी असं म्हणालो नाही" अशी हरकत घेतली आणि टिपणात ती खरी निघाली, तर या भागाचे गुण शून्य.

"हे अमुक गृहीत धरल्याशिवाय उभं राहत नाही." 15 सेकंद. उदाहरणार्थ, 'पिवळा रंग फक्त हायड्रोसनेच येतो हे धरलेलं आहे.'

"ते इथे लागू होत नाही, कारण..." आणि एक प्रतिउदाहरण, आकडा किंवा उपाधी. 20 सेकंद.

एकूण 45 सेकंद, म्हणजे 2 मिनिटांत दोन मुद्दे आणि वर अर्धं मिनिट. त्या अर्ध्या मिनिटात प्रतिपक्षाचं काय शिल्लक राहतं ते प्रामाणिकपणे सांगायचं. नदीकाठचा यांच्यामुळे हा भाग घालते आहे. कुठले दोन मुद्दे निवडायचे? ज्यांच्यावर प्रतिपक्षाचा निष्कर्ष टेकलेला आहे ते. जे पडले तरी निष्कर्षाला धक्का लागत नाही ते सोडून द्यायचे.

25 गुण असे: अचूक उद्धरण 5, गृहीतक उघडं करणं 8, प्रतिउदाहरण किंवा पुरावा 7, शिल्लक काय ते सांगणं 5. दोषाचं नाव घेतलं तर गुणही नाहीत आणि कपातही नाही.

वकीलगल्ली
'अचूक उद्धरण'साठी प्रत्येक संघाचा एक टिपणकार बसवा. परीक्षकांना मांडणीतली वाक्यं आठवत नाहीत.

आणखी एक. स्पर्धेचे विषयच बघा: 'विकास की पर्यावरण', 'मोबाइल शाप की वरदान'. विषयातच दोनच पर्यायांचा खोटा पेच टाकायचा आणि मग मुलांकडून शुद्ध तर्काची अपेक्षा करायची? 'पंचगंगेच्या निळ्या रेषेत नव्या बांधकामाला परवानगी देऊ नये' असा विषय द्या. एक कृती, हो किंवा नाही, आणि दोन्ही बाजूंना कागदपत्रं मिळतात.

उत्तरेश्वर_पेठ
हा साचा चालेल. फक्त सरावाच्या वेळी नावं शिकवायचं सोडू नका. चार रकाने, उपाधी, छल, घसरण, उरलेल्यांचीच मोजणी, एवढी पाच-सहा पक्की झाली की पुरे. यादी चाळीसवर नेली की मुलं परत मोजायलाच लागतात.

तिसरी_घंटा
सहमत. सरावाला नावं असतील, गुणपत्रिकेत नसतील. वकीलगल्लींचा निळ्या रेषेचा विषय उपांत्य फेरीला घेते आणि अंतिम फेरीला 'अलमट्टीची उंची वाढवण्यास महाराष्ट्राने विरोध करावा'. पूररेषा, मुलांना कुठले आकडे वाचायला देऊ?

पूररेषा
राजाराम बंधाऱ्याच्या रोजच्या पातळ्या, राधानगरीचा विसर्ग, आणि त्याच तारखांची अलमट्टीची पातळी व विसर्ग. 2019 आणि 2021 चे जुलै-ऑगस्ट पुरेत. विसर्ग सगळा क्युसेकमध्ये करून द्या. एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी सांगा: बंधाऱ्यावरचे 43 फूट हे तिथल्या मोजपट्टीवरचे, आणि अलमट्टीचे 519.60 मीटर हे समुद्रसपाटीपासूनचे. दोन्ही आकडे सरळ वजा करून "कोल्हापूर किती खाली" असं सांगणारे वक्ते दोन्ही बाजूंना निघतील. बंधाऱ्याच्या मोजपट्टीचं शून्य समुद्रसपाटीपासून किती उंचावर आहे ते पाटबंधारे विभागाकडून आधी लेखी घ्या, आणि तोच आकडा दोन्ही संघांना द्या.